हक्काची सोबत

(अंध व्यक्तीला वाट दाखवणारे आणि कर्णबधिर व्यक्तीला आवाजाची खूण देणारे शिकवलेले कुत्रे अनेक देशांत आढळतात. अशा कुत्र्यासह बाजारात, रेल्वेत, दवाखान्यात जाण्याचा हक्क त्या व्यक्तींना कायद्याने दिला आहे. हा हक्क कसा मिळाला, त्याच्या मर्यादा कोणत्या आणि आपण त्यातून काय शिकावे, हे या पाठात सांगितले आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, पाठ वाचण्यापूर्वी एक छोटासा प्रयोग करा. डोळ्यांवर रुमाल बांधा आणि वर्गाच्या दारापासून पाण्याच्या टाकीपर्यंत चालत जा. सोबत एक मित्र असू द्या. पण त्याने तुमचा हात धरायचा नाही. तुम्ही पडू लागलात, तरच त्याने तुम्हांला सावरायचे.

मागे एकदा माझ्या नववीच्या वर्गाने हा प्रयोग केला होता. शर्यतीत सर्वांच्या पुढे धावणारा एक मुलगा त्या दिवशी पावलापावलाने चालत होता. अर्ध्या वाटेत तो धडपडला. रुमाल सोडून तो म्हणाला, "सर, वाट तर मला तोंडपाठ होती. पण मध्येच कोणीतरी सायकल लावून ठेवली होती."

त्या मुलाचे हे वाक्य लक्षात ठेवा. अंध माणसाला वाट ठाऊक असते. आपले घर, बाजार, मशीद, बसथांबा या सर्वांचा नकाशा त्याच्या मनात असतो. त्याला अडवतात ते मध्ये येणारे अडथळे. काही अडथळे दगडाचे किंवा खड्ड्याचे असतात. काही मात्र माणसांनीच उभे केलेले असतात. 'येथे प्रवेश नाही' अशी पाटी हा असाच एक अडथळा आहे.

अडथळे चुकवण्यासाठी अंध व्यक्ती पांढरी काठी वापरतात. ही काठी तुम्ही पाहिली असेल. काही देशांत आणखी एक साधन आहे. ते साधन जिवंत आहे. त्याला चार पाय, दोन डोळे आणि एक शेपूट आहे! इंग्रजीत त्याला 'गाईड डॉग' म्हणतात. आपण त्याला 'वाटाड्या कुत्रा' म्हणू.

वाटाड्या कुत्र्याची गोष्ट एका युद्धापासून सुरू होते. १९१४ साली पहिले महायुद्ध पेटले. विषारी वायूमुळे आणि स्फोटांमुळे हजारो सैनिकांची दृष्टी गेली. या तरुण सैनिकांनी उरलेले आयुष्य कोणाच्या आधाराने काढायचे, हा मोठा प्रश्न होता. जर्मनीत गेरहार्ड स्टालिंग नावाचे एक डॉक्टर होते. कुत्र्याला शिकवले तर तो अंध माणसाला वाट दाखवू शकेल, असे त्यांना वाटले. १९१६ साली त्यांनी ओल्डेनबुर्ग या गावी अशा कुत्र्यांची शाळा सुरू केली. पुढे जर्मनीत पॉट्सडॅम येथेही अशी शाळा निघाली.

डोरोथी युस्टिस या अमेरिकन बाई त्या काळी स्वित्झर्लंडमध्ये राहत आणि कुत्र्यांना पोलिसांच्या कामासाठी शिकवत. त्यांनी पॉट्सडॅमची शाळा पाहिली. १९२७ साली त्यांनी एका अमेरिकन साप्ताहिकात त्यावर लेख लिहिला. तो लेख अमेरिकेतील नॅशव्हिल शहरात एका वडिलांनी आपल्या मुलाला वाचून दाखवला. मुलाचे नाव मॉरिस फ्रँक. दोन वेगवेगळ्या अपघातांत त्याचे दोन्ही डोळे गेले होते. पहिला सहाव्या वर्षी आणि दुसरा सोळाव्या वर्षी. कोणी सोबत आल्याशिवाय घराबाहेर पडता येत नाही, याचा त्याला फार त्रास होई. त्याने युस्टिसबाईंना पत्र लिहिले, 'मला असा कुत्रा मिळवून द्या. मी परत येऊन माझ्या देशातील इतर अंधांना मदत करीन.'

१९२८ साली तो स्वित्झर्लंडला गेला. तेथे त्याला एक जर्मन शेफर्ड जातीची कुत्री मिळाली. त्याने तिचे नाव 'बडी' ठेवले. बडी म्हणजे दोस्त. काही आठवडे तो तिच्यासोबत चालायला शिकला. जून महिन्यात दोघे जहाजाने न्यूयॉर्कला उतरले. वार्ताहर वाट पाहतच होते. त्यांनी त्याला आव्हान दिले, 'समोरचा वेस्ट स्ट्रीट ओलांडून दाखव.' तो रस्ता अतिशय रुंद होता. त्यावर मोटारींची आणि मालगाड्यांची सतत वर्दळ असे. डोळस माणसेही तो जपून ओलांडत. मॉरिसने बडीला 'पुढे चल' म्हटले. बडी चालली, थांबली, थोडी मागे सरली, पुन्हा चालली. दोघे सुखरूप पलीकडे पोहोचले. मॉरिसने युस्टिसबाईंना तार पाठवली. तारेत एकच शब्द होता : 'यश'.

पण मित्रांनो, रस्ता ओलांडणे सोपे ठरले. दारे ओलांडणे त्याहून अवघड होते. उपाहारगृहाच्या दारात मॉरिसला ऐकावे लागे, 'कुत्र्यांना मनाई आहे.' रेल्वेतही हाच त्रास होता. मालक म्हणे, 'आपण आत या. कुत्रा मात्र बाहेर बांधा.' बोलणे वरवर सभ्य वाटते. पण विचार करा. तुमच्या गुरुजींना कोणी म्हटले, 'सर, आपण आत या, पण चष्मा बाहेर काढून ठेवा,' तर काय होईल? ज्याचे डोळे बाहेर ठेवले, तो माणूस आत येऊन काय करील? कुत्र्याला अडवले की त्याच्या सोबतचा माणूसच अडवला जातो.

मॉरिसने हार मानली नाही. १९२९ साली त्याने युस्टिसबाईंसह नॅशव्हिल येथे 'द सीइंग आय' ही संस्था स्थापन केली. अमेरिकेतील वाटाड्या कुत्र्यांची ही पहिली शाळा. मॉरिस गावोगाव फिरला. हॉटेलांत गेला, रेल्वे कंपन्यांना भेटला, बडीचे काम सर्वांना दाखवले. १९३५ पर्यंत अमेरिकेतील सर्व रेल्वे कंपन्यांनी वाटाड्या कुत्र्याला मालकाजवळ बसू देण्याचा नियम केला. १९५६ पर्यंत तेथील प्रत्येक राज्याने असे कायदे केले. म्हणजे एका कुत्रीने रस्ता ओलांडल्यापासून देशभर दारे उघडेपर्यंत अठ्ठावीस वर्षे गेली. हक्क असे हळूहळू आणि चिकाटीने मिळतात.

आता हा कुत्रा काम कसे करतो, ते पाहू. त्याच्या अंगावर चामड्याचा साज असतो. साजाला एक ताठ मूठ असते. अंध व्यक्ती ती मूठ डाव्या हाताने धरते. कुत्रा थांबला, वळला, पायरीपाशी अडला, की मुठीतून ते हाताला कळते. कुठे जायचे हे मात्र माणूसच ठरवतो. 'डावीकडे', 'उजवीकडे', 'पुढे' अशा आज्ञा तोच देतो. सिग्नलचा दिवा हिरवा झाला की नाही, हे कुत्रा सांगत नाही. वाहनांचा आवाज ऐकून माणूस निर्णय घेतो. पण माणसाची चूक झाली आणि समोरून मोटार येत असली, तर कुत्रा जागचा हलत नाही. 'पुढे चल' असे सांगितले तरी तो पाय रोवून उभा राहतो. आज्ञा पाळणे तर त्याला शिकवलेले असतेच. आज्ञा केव्हा मोडावी, हेसुद्धा शिकवलेले असते! म्हणून असा कुत्रा तयार व्हायला वेळ लागतो. पिल्लू साधारण वर्षभर एखाद्या कुटुंबात वाढते. माणसांत, बाजारात, गोंगाटात शांत राहायला शिकते. नंतर काही महिने शाळेत त्याचे शिक्षण होते. शेवटी अंध व्यक्ती आणि कुत्रा यांना काही आठवडे एकत्र शिकवतात.

कर्णबधिर व्यक्तींसाठीही असे कुत्रे असतात. ब्रिटनमध्ये १९८२ साली त्यांना शिकवण्याचे काम सुरू झाले. दारावरची घंटा वाजली, घड्याळाचा गजर झाला, बाळ रडू लागले, की हा कुत्रा मालकाला पंजाने किंवा नाकाने स्पर्श करतो आणि आवाजाच्या ठिकाणी घेऊन जातो. आगीची घंटा वाजली तर मात्र तो तिकडे नेत नाही. स्पर्श करून जमिनीवर पडून राहतो. धोका आहे, अशी ती खूण. अंधत्व चटकन लक्षात येते, पण बहिरेपण दिसत नाही. म्हणून कर्णबधिर माणूस कुत्रा घेऊन दुकानात शिरला, की 'याला तर सगळे दिसते, मग कुत्रा कशाला?' असे लोक विचारतात. त्यामुळे कायद्याची गरज त्यालाही तितकीच असते.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. २६ जुलै १९९० रोजी अमेरिकेत अपंग व्यक्तींच्या हक्कांचा एक मोठा कायदा झाला. या कायद्याप्रमाणे दुकान, उपाहारगृह, हॉटेल, दवाखाना, शाळा अशा ज्या जागा सर्वांसाठी खुल्या आहेत, तेथे अपंग व्यक्तीला आपल्या शिकवलेल्या कुत्र्यासह जाता येते. त्याबद्दल जास्त पैसे मागता येत नाहीत. तिला वेगळ्या कोपऱ्यात बसवता येत नाही. कुत्रा कशासाठी आहे हे दिसत नसेल, तर दुकानदार फक्त दोन प्रश्न विचारू शकतो. पहिला : 'अपंगत्वामुळे तुम्हांला या कुत्र्याची गरज आहे का?' दुसरा : 'त्याला कोणते काम शिकवले आहे?' तिसरा प्रश्न नाही. 'कागद दाखवा', 'तुम्हांला काय आजार आहे?', 'कुत्र्याकडून काम करून दाखवा' असे म्हणता येत नाही. याचे कारण सोपे आहे. तुम्ही दुकानात गेल्यावर तुमच्याकडे कोणी कागद मागते का?

'पण सर, एखाद्याला कुत्र्याची भीती वाटत असेल तर?' असे तुम्ही विचाराल. प्रश्न योग्य आहे. केवळ भीती किंवा ॲलर्जी या कारणाने कुत्र्याला बाहेर ठेवता येत नाही, असे अमेरिकेतील नियम सांगतो. दोघांचीही सोय पाहावी. एकाला खोलीच्या या टोकाला बसवावे, दुसऱ्याला त्या टोकाला.

मित्रांनो, हक्काला कर्तव्याची जोड असते. कुत्रा मालकाच्या ताब्यात असला पाहिजे. तो धावून जाऊ लागला आणि मालकाने त्याला आवरले नाही, किंवा त्याने जागा घाण केली, तर कुत्र्याला बाहेर नेण्यास सांगता येते. मालक मात्र कुत्र्याशिवाय आत राहून आपले काम करू शकतो. शस्त्रक्रियेच्या खोलीसारख्या जंतुविरहित जागी कुत्र्याला नेता येत नाही. आणि ज्याला काहीच काम शिकवलेले नाही, असा घरचा लाडका कुत्रा या कायद्यात बसत नाही. काही लोक साध्या कुत्र्याला खोटेच 'मदतनीस कुत्रा' म्हणून सगळीकडे नेतात. त्यांच्यामुळे लोकांचा विश्वास उडतो आणि खऱ्या गरजवंताची अडवणूक होते.

आता मी तुम्हांला आमच्या घरातील एक गोष्ट सांगतो. आपल्या कोकणातील अनेक मुस्लिम कुटुंबे ब्रिटनमध्ये स्थायिक झाली आहेत. माझे थोरले चुलतभाऊही तेथे टॅक्सी चालवतात. आम्ही त्यांना भाईजान म्हणतो. एकदा सुट्टीत ते गावी आले असताना रात्री अंगणात बसून त्यांनी ही हकिकत सांगितली.

टॅक्सीचा धंदा त्यांच्यासाठी तेव्हा नवा होता. पावसाळी संध्याकाळ होती. स्टेशनबाहेर एक वृद्ध अंध बाई उभी होती. हातात साजाची मूठ, शेजारी भिजलेला काळा लॅब्रॅडॉर कुत्रा. पुढची टॅक्सी तिच्याजवळ थांबली आणि कुत्रा दिसताच निघून गेली. मग भाईजानची पाळी आली. ते म्हणाले, "माझ्या मनात एकदम आले, गाडी नापाक होईल. या गाडीतच मी नमाजाची चटई ठेवतो. मीही ॲक्सिलरेटरवर पाय ठेवला. तेवढ्यात ती बाई म्हणाली, 'ही गाडीसुद्धा जाणार का?' तिच्या आवाजात राग नव्हता. तिला त्याची सवय झाली होती. मला लाज वाटली. मी उतरून दार उघडले. कुत्रा तिच्या पायांशी बसला आणि घर येईपर्यंत हलला नाही."

त्या रात्री भाईजान आपल्या मशिदीच्या इमामसाहेबांकडे गेले. इमामसाहेब शांतपणे म्हणाले, "कुत्र्याचा ओलावा लागला असेल, तर आपल्या मसलकाप्रमाणे जागा धुऊन पाक करा. चटई दुसरीकडे ठेवा. शिकारीसाठी आणि कळपाच्या राखणीसाठी कुत्रा ठेवण्याची मुभा आपल्याकडे पहिल्यापासून आहे. मग अंधाला वाट दाखवणाऱ्या कुत्र्याला गाडीत घेण्यास हरकत कसली?" तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्याची गोष्ट तुम्ही दीनियातच्या तासाला ऐकली आहे. इमामसाहेबांनी तीही आठवण करून दिली.

ही गोष्ट संपवताना भाईजान म्हणाले, "गाडी मी पाण्याने धुतली. पण त्या बाईला पावसात सोडून आलो असतो, तर ते कशाने धुतले असते?" आम्ही सगळे गप्प झालो.

ब्रिटनचा कायदाही हेच सांगतो. तेथे १९९५ साली अपंगांविरुद्धच्या भेदभावाला बंदी करणारा कायदा झाला. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००१ पासून टॅक्सीचालकांना आणि २००४ पासून भाड्याच्या खासगी मोटारींनाही वाटाड्या कुत्रा घेणे बंधनकारक झाले. आता हे नियम २०१० च्या समानतेच्या कायद्यात आहेत. कुत्र्याला प्रवाशाजवळ बसू द्यायचे आणि त्याचे वेगळे भाडे घ्यायचे नाही. नकार देणाऱ्याला १००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. अपवाद फक्त आजारपणाचा आहे. एखाद्या चालकाला दमा किंवा तीव्र ॲलर्जी असेल, तर तो वैद्यकीय कारण दाखवून सूट मागू शकतो आणि तसे प्रमाणपत्र गाडीत लावू शकतो. 'माझ्या धर्मामुळे मी घेणार नाही' असे कारण तेथे चालत नाही.

याहून विशेष गोष्ट २००८ साली लेस्टर शहरात घडली. एक अंध मुस्लिम तरुण विद्यार्थी वाटाड्या कुत्रा वापरू लागला होता. त्याला मशिदीत नमाजाला जायचे होते. कुत्र्याशिवाय मशिदीपर्यंत एकट्याने जाणे शक्य नव्हते, आणि कुत्र्याला नमाजाच्या जागी नेणे योग्य नव्हते. मग काय करावे? तेथील एका शरई कौन्सिलने फतवा दिला, की कुत्र्याला मशिदीच्या इमारतीत येऊ द्यावे. मशिदीने प्रवेशद्वाराजवळ कुत्र्यासाठी वेगळी जागा केली. तरुण नमाज पढून येईपर्यंत कुत्रा तेथे थांबणार. मशिदीचे पावित्र्य राहिले आणि तरुणाची नमाजही चुकली नाही. वाद घालत बसण्याऐवजी समजून घेतले, तर असा मार्ग निघतो.

'पण सर, आपल्या गावात तर असा एकही कुत्रा नाही. मग आम्ही हा कायदा का शिकावा?' असे कोणीतरी नक्की म्हणेल. खरे आहे. आपल्या देशात वाटाड्या कुत्रा क्वचितच दिसतो. आपल्याकडचे अंध बांधव बहुधा पांढऱ्या काठीच्या किंवा माणसाच्या आधाराने चालतात. पण या कायद्यांमागचा विचार आपल्या देशानेही स्वीकारला आहे. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयी संयुक्त राष्ट्रांचा एक करार २००६ साली झाला. भारताने त्याला २००७ साली मान्यता दिली. अपंग व्यक्तीला हिंडण्याफिरण्यासाठी साधने मिळावीत आणि सजीव साहाय्यही मिळावे, असे त्या करारात म्हटले आहे. आपल्याकडे १९९५ साली अपंग व्यक्तींसाठी कायदा झाला होता. त्याच्या जागी २०१६ चा दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा आला. तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्यात एकवीस प्रकारची अपंगत्वे मानली आहेत आणि अपंगत्वामुळे भेदभाव करण्यास मनाई केली आहे. इमारती, रस्ते, बस, रेल्वे सर्वांना वापरता येतील अशा असाव्यात, असेही त्यात सांगितले आहे.

या कायद्याच्या नावातील 'हक्क' या शब्दाकडे लक्ष द्या. हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे. उर्दूतही तो आहे आणि मराठीतही आहे. एखाद्याला मदत करणे ही मेहेरबानी असू शकते. मेहेरबानी करणाऱ्याची मर्जी असली तर ती होते, नसली तर होत नाही. हक्काचे तसे नसते. त्या वृद्ध बाईला टॅक्सीत बसण्याचा हक्क होता. भाईजानची मर्जी असो वा नसो, तो हक्क होताच. 'मी दार उघडून तिच्यावर उपकार केले नाहीत, तिचे होते ते तिला दिले,' असे ते म्हणतात, ते यामुळेच.

तुम्ही अजून लहान आहात. पण उद्या तुमच्यापैकी कोणी रिक्षा चालवेल, कोणी दुकान काढेल, कोणी डॉक्टर होईल, कोणी परदेशी जाईल. कधीतरी तुमच्या दारातही असा पाहुणा येईल. त्यासाठी चार गोष्टी आजच शिकून ठेवा. एक : साज घातलेला कुत्रा कामावर असतो. त्याला हाक मारू नका, कुरवाळू नका, खायला देऊ नका. त्याचे लक्ष उडाले तर त्याच्या माणसाला इजा होईल. दोन : बोलायचे ते माणसाशी बोला. 'यांना कुठे जायचे आहे?' असे शेजारच्याला विचारू नका. तीन : अंध व्यक्तीचा हात एकदम धरून ओढू नका. आधी विचारा, 'मदत करू का?' हो म्हणाले तर आपला हात त्यांना धरू द्या. चार : कर्णबधिर व्यक्तीशी बोलताना तिच्यासमोर उभे राहा, तोंड झाकू नका आणि सावकाश बोला. गरज वाटली तर लिहून दाखवा.

आणि सर्वांत सोपी गोष्ट शेवटी सांगतो. आमच्या त्या प्रयोगात वाटेत सायकल कोणी लावली होती, ठाऊक आहे का? ती माझीच सायकल होती. घंटा झाली म्हणून घाईघाईने मी ती वाटेत उभी करून वर्गात शिरलो होतो. आता मी ती रोज भिंतीच्या कडेला लावतो. तुमची सायकल कुठे उभी आहे, एकदा बाहेर जाऊन पाहून या.

शब्दार्थ

अंध – नाबीना, ज्याला दिसत नाही असा
कर्णबधिर – ज्याला ऐकू येत नाही असा
अडथळा – रुकावट
वाटाड्या – वाट दाखवणारा, रहबर
वर्दळ – सतत ये-जा
आज्ञा – हुकूम
मुभा – इजाजत, परवानगी
बंधनकारक – जे करावेच लागते असे, लाजमी
भेदभाव – एकाला एक व दुसऱ्याला वेगळी वागणूक देणे
दंड – जुर्माना
अपवाद – नियमातून दिलेली सूट
चिकाटी – हाती घेतलेले काम न सोडण्याचा गुण

वाक्प्रचार

पाय रोवून उभे राहणे – जागेवरून न हलणे
हार न मानणे – प्रयत्न न सोडणे
विश्वास उडणे – भरवसा न राहणे
अडवणूक होणे – मार्गात अडचण आणली जाणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) वाटाड्या कुत्र्यांची शाळा १९१६ साली कोठे सुरू झाली?
(आ) मॉरिस फ्रँकने आपल्या कुत्रीचे नाव काय ठेवले?
(इ) आगीची घंटा वाजली तर कर्णबधिर व्यक्तीचा कुत्रा काय करतो?
(ई) भारतातील २०१६ चा कायदा केव्हापासून लागू झाला?

प्र. २. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) अमेरिकेतील दुकानदार कोणते दोन प्रश्न विचारू शकतो?
(आ) वाटाड्या कुत्र्याला बाहेर नेण्यास केव्हा सांगता येते?
(इ) लेस्टर येथील मशिदीने अंध विद्यार्थ्याची अडचण कशी दूर केली?

प्र. ३. कारणे द्या.
(अ) मालकाने 'पुढे चल' म्हटले तरी कधीकधी कुत्रा हलत नाही.
(आ) साज घातलेल्या कुत्र्याला कुरवाळू नये.
(इ) इमामसाहेबांकडे जाण्यापूर्वीच भाईजानने टॅक्सीचे दार उघडले.

प्र. ४. खालील वाक्प्रचारांचा स्वतःच्या वाक्यात उपयोग करा.
पाय रोवून उभे राहणे, हार न मानणे, विश्वास उडणे.

प्र. ५. 'मेहेरबानी' आणि 'हक्क' यांतील फरक तुमच्या शब्दांत आठ ते दहा ओळींत लिहा.

उपक्रम : तुमच्या घरापासून शाळेपर्यंतच्या वाटेवर अंध व्यक्तीला अडवतील असे कोणते अडथळे आहेत, त्यांची यादी करा. त्यांपैकी कोणते अडथळे तुम्हांला आजच दूर करता येतील, ते वर्गात सांगा.